एकतीस जागी दोन-दोन रेषा

१२ जानेवारी

भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

तुमचे दादा जाऊन आज दोन महिने आणि चार दिवस झाले. तुमचं दोन ओळींचं पत्र तेव्हा मिळालं होतं. तुम्ही स्वतः आला नाहीत, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. फोन तीनदा लावला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा तुम्ही उचललात, "कोण? कोण बोलतंय?" म्हणालात, मी घसा फोडून सांगत होते आणि तुम्ही खाली ठेवून दिलात. समजायचं ते समजले. "खटके खालीवर करून कुणाचं पोट भरलंय?" हे मी चार पाहुण्यांदेखत तुम्हाला बोलले होते, त्याला वीस वर्षं होऊन गेली. माझ्या जिभेला हाड नाही हे खरं, पण तुमच्या मनातली गाठही भारी चिवट निघाली. म्हणून आता कागद घेऊन बसले. कागद तरी मधेच खाली ठेवून देता येत नाही.

काम तुमच्याच हुन्नरातलं आहे. निवृत्त झाल्यावर ह्यांनी कॉम्प्युटरवर आवाज भरायचा नाद लावून घेतला, तो तुमचंच बघून. जन्म सगळा पंपहाउसमधे गेला. नुसता कान लावून सांगायचे, तीन नंबरचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार, आणि ते जायचं. पंप सुटले आणि कान रिकामे राहिले. मग पाच माइक आले, पाच स्पीकर आले, शिवाय जमिनीवर ठेवायचा एक भला मोठा ठोकळा. खोलीभर वायरी आणि मधोमध एक खुर्ची. "इथे बसलं की आवाज चहूकडून येतो," म्हणायचे. मी म्हणायची, "देवाने कान दोनच दिलेत, त्याला सहा डबे कशाला?" ती खुर्ची झाडताना आडवी यायची. मी भिंतीशी सरकवायची, हे परत मधे आणून ठेवायचे. रोजचंच.

जूनमधे घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक, त्यातूनच श्वास. बोलणं संपलं ते संपलं. मग पाटीवर लिहायचे. शेवटी शेवटी पाटीवर एकच वाक्य असायचं, "मधे बसून एकदा ऐक." मी म्हणायची, "ऐकते हो, हातातलं होऊ द्या." हातातलं कधी झालं नाही.

त्यांच्यामागे ही एकच डिस्क सापडली. टीव्हीखालच्या यंत्रात घातली आणि दीड तास हात जोडून बसले. एका बाजूने रस्ता वाजतो, दुसऱ्या बाजूने जिन्याचं दार. माणूस म्हणून नाही. मला दुसरं काही नको, भाऊजी. एकदा त्यांचा आवाज हवा. डोळे मिटले की चेहरा येतो, पण आवाज आता पुसट होत चाललाय, आणि मला त्याची भीती वाटते. ह्या डिस्कमधे ते कुठे असतील तर शोधून द्या. नवीन डिस्क विकत आणू नका. ही पुसून परत लिहिता येणारी आहे, मीच घ्यायला लावली होती. हिच्यावरच द्या.

वहिनी

२४ जानेवारी

वहिनी, वाकून नमस्कार.

डिस्क सुखरूप पोचली. आधी प्लास्टिक, मग उशीचा अभ्रा, वर सुतळीच्या सात गाठी. सोडवायला अर्धा तास लागला. पार्सल करावं तर तुम्हीच.

राग वगैरे काही नाही हो. तुम्ही तेव्हा बोललात त्यात खोटं काय होतं? पोट खरंच फार भरलं नाही. फोनचं म्हणाल, तर यंत्रच बिघडलंय आणि दुरुस्त होण्यातलं नाही. पत्रच बरं. दादाच्या वेळी आलो नाही त्याला कारण आहे. ते मात्र आत्ता विचारू नका.

आता कामाचं. साध्या गाण्याच्या सीडीत दोन ट्रॅक असतात, डावा आणि उजवा. दादाने केलीय ती सहा ट्रॅकची. समोरचे दोन कोपरे, पाठीमागचे दोन कोपरे, समोरचा मधला, आणि सहावा तो ठोकळा, घुमणाऱ्या आवाजाचा. तुमच्या टीव्हीला दोनच वायरी, म्हणून समोरचे दोन कोपरे तेवढे वाजले. बाकीचे डिस्कवर आहेत, पण त्यांना तोंडच नाही. घरात सहा माणसं बसलेली आणि तुम्ही दोघांशीच बोलून परत आलात, असं झालंय.

दादाने ट्रॅकना नावं दिली आहेत. समोर डावीकडे 'खिडकी', उजवीकडे 'दार'. पाठीमागे डावीकडे 'ओटा', उजवीकडे 'देव'. आणि समोर मधला जो आहे, त्याचं नाव 'मी'.

वहिनी, मधल्या ट्रॅकमधे दादा आहे. त्यात काहीतरी भरलेलं मला दिसतंय. नीट बघायला वेळ लागेल. काम इतकं बारीक केलंय की एका सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार दाणे पाडलेत. घरच्या घरी, स्वतः वाचून शिकून! मी तीस वर्षं थिएटरात साउंड सांभाळला, मला हे आलं नसतं.

दोन गोष्टी कळवा. डिस्क कधी भरली होती? आणि मधला स्पीकर कुठे आहे? तो जपून ठेवा. दादाला तोंड फुटेल ते त्याच डब्यातून.

तुमचा
धाकटा

२ फेब्रुवारी

भाऊजींना आशीर्वाद.

'मी' असं नाव दिलंय हे वाचलं आणि पत्र हातात धरून तशीच उभी राहिले. दूध उतू गेलं, शेगडी विझली, तरी मला पत्ता नाही.

मधला स्पीकर मी देऊन टाकला होता. बाकीचे चार आपापल्या कोपऱ्यात गप बसतात, हा एकटा टेबलावर मधे नडायचा. शिवणकाम करणाऱ्या शेजारणीला रेडिओला जोडायला दिला. काल परत मागायला गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकू, दिलेलं दान परत मागता होय?" म्हणाली, पण हसून दिलान. तिचा नवरा विजेची कामं करतो. तुमची डिस्क आली की तो सगळं जोडून देणार आहे.

आता तारीख. पाकिटावर पेन्सिलीने ९ सप्टेंबर लिहिलंय. त्याच्यावर पाच तारखा आहेत, पाचही खोडलेल्या. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, ऑगस्ट. घरात माझा नियम होता, एक पुसल्याशिवाय दुसरी नाही. "एवढ्या चकत्यांचं काय लोणचं घालायचंय?" असं मीच म्हणाले होते. त्यांनी नियम पाळला. कॉम्प्युटरही दर वेळी साफ करायचे, आणि मला दाखवायचे, बघ, रिकामा केला.

फेब्रुवारीत ते बोलत होते. मे महिन्यातही बोलत होते, खरखर होती पण बोलत होते. ऑपरेशन जूनमधे. आणि डिस्क सप्टेंबरची. मी मॅट्रिकला गणितात पहिली आले होते, भाऊजी, पण एवढी साधी वजाबाकी माझ्याच्याने पुरी होत नाही. तुम्हीच करा आणि कळवा. देव माणसासाठी कुठेतरी एखादा शब्द राखून ठेवतो, असं मी आजवर मानत आले.

वहिनी

२७ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

वाईट ते आधी सांगतो. बोललेला शब्द एकही नाही. सप्टेंबरमधे दादाला आवाज नव्हता. तुम्हाला ते कळलेलंच होतं, फक्त दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं होतं. लिहिलं.

पण मधला ट्रॅक रिकामा नाही. त्यात श्वास आहे. कॉम्प्युटरवर आवाज रेषांसारखा दिसतो. दादाचा श्वास म्हणजे एकसारख्या बुटक्या टेकड्या, एकामागून एक, दीड तास. म्हणजे तुम्ही घरात वावरत होता आणि तो टेबलाशी माइकसमोर नुसता बसून होता. त्या टेकड्यांना मी धक्का लावलेला नाही.

मात्र त्यात घाण होती. मोजून एकतीस जागी दोन-दोन टोकदार उभ्या रेषा, खिळे ठोकल्यासारख्या. वायर सैल असली की असं होतं. सॉफ्टवेअरला सांगितलं तर एका फटक्यात काढतं, पण मग शेजारचा श्वासही ओरबाडला जातो. म्हणून मी एकेक जागा मोठी करून हाताने सपाट केली. बाकीच्या ट्रॅकवर त्यांची पुसट सावली पडली होती, तीही काढली. अठरा दिवस लागले. थिएटरात लोक खोकतात, खुर्च्या करकरतात, कुणाचं पोर रडतं. उभा जन्म मी घाणीत काम केलं. इतकं स्वच्छ काम हातून पहिल्यांदाच झालं, आणि बहुधा शेवटचं. दादासाठी झालं, याचं समाधान आहे.

तुम्ही म्हणालात तसं त्याच डिस्कवर लिहिलंय. माझा कॉम्प्युटर माझ्यासारखाच म्हातारा. काम चढवताना त्यातली मूळ प्रत काढावी लागली आणि नंतर बाकीचंही. तेव्हा ही एकच आहे, सांभाळा. मधला स्पीकर टेबलावर ठेवा, खुर्ची मधोमध ठेवा आणि ऐका.

धाकटा

६ मार्च

भाऊजी,

एकतीस जागी? दोन-दोन?

वायर सैल नव्हती हो. ते तुमचे दादा होते.

बोलणं गेल्यावर बोटाच्या पेराने टेबलावर टक टक करायचे. दोनदा. म्हणजे "ये." पंपहाउसमधे यंत्रांच्या घरघरीत हाक ऐकू जात नाही, म्हणून पाइपवर पान्हा ठोकून एकमेकांना बोलवायचे, ती सवय. मी ओट्याशी असले की पाटी मला दिसायची नाही. मग टक टक. मी म्हणायची, "आले, आले." दिवसातून पन्नास वेळा. मी तुम्हाला पहिल्या पत्रात हे लिहायला हवं होतं. पण माझ्या डोक्यातच आलं नाही, की त्याला आवाज म्हणतात.

तेवढंच बोलणं त्यांना उरलं होतं, आणि नेमकं तेवढंच तुम्ही निवडून काढलंत, तांदळातल्या खड्यासारखं. अठरा दिवस बसून! आणि वर समाधान आहे म्हणता. तीस वर्षं ह्या धंद्यात घालवलीत आणि माणसाचं बोट कुठलं, सैल वायर कुठली, एवढं कानाला कळू नये? शेजारणीच्या मांजराला कळायचं, टक टक झाली की दारातून डोकवायचं. तुमचे कान कुठे गहाण पडले होते?

मूळची प्रत चुकूनमाकून राहिली असेल तर उलट टपाली पाठवा. नसेल तर लिहूच नका. आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

वहिनी

१५ मार्च

वहिनी,

लिहू नका म्हणालात, तरी लिहितोय. मूळची प्रत नाही. तीन दिवस सगळे कप्पे उलटेपालटे केले. एका ओळखीच्या माणसाला घरी आणून कॉम्प्युटर उघडायला लावला. तो मान हलवून गेला.

कान गहाण नाही, बुडालेच. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. आधी डावा गेला, मग वर्षाच्या आत उजवा. थिएटर सुटलं ते त्यामुळे. यंत्र बिघडलंय असं लिहिलं होतं, ते टेलिफोनबद्दल नव्हतं. तुमचा फोन आला तेव्हा टेबल थरथरलं म्हणून मी उचलला. पलीकडे कोण आहे, आहे की नाही, काही कळेना.

दादाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर त्याचं पत्र आलं, "मला आता बोलता येत नाही, तू ये, तू बोल, मी ऐकतो." कुठल्या तोंडाने जाणार होतो? त्याला वाटायचं, धाकट्याचे कान आपल्यासारखे आहेत. एक मुका आणि एक बहिरा, समोरासमोर बसलो असतो तर आमचं झकास जमलं असतं, हे मला आता सुचतंय. तो गेल्यावर आलो नाही ते म्हणूनच. माणसं येणार, बोलणार, मी हो ला हो करणार. एका दिवशी घरात दोन रडणी नकोत, असं स्वतःला सांगितलं.

मग तुमची डिस्क आली. वहिनींना अजून आपण साउंडवाले वाटतो, ह्याचंच मला अप्रूप. सगळं काम डोळ्यांनी केलं. 'मला ऐकू येत नाही', चार शब्द. पहिल्याच पत्रात लिहिले असते तर तुम्ही डिस्क दुसऱ्या कुणाकडे दिली असती आणि दादा वाचला असता.

माफी मागत नाही, मागण्यासारखी गोष्ट नाही. फक्त सोबतचा कागद ठेवून घ्या. जिथे हात लावू तिथली वेळ लिहून ठेवायची, ही धंद्यातली सवय. एकतीस जागा आहेत, मिनिट आणि सेकंद. खिळे कुठे होते एवढं त्यावरून कळेल. खिळे मात्र नाहीत.

धाकटा

२ एप्रिल

भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद. मागच्या पत्रात राहिलेले ह्यातच धरा.

कान गहाण पडल्याचं मी जे लिहिलं, ते परत घेते. लिहिलेलं परत घेता येत नाही, म्हणून ते पत्र तुम्हीच फाडून टाका. तुम्ही एकदा पुसलंत, आणि मी पाच वेळा पुसायला लावलं, त्यातल्या चार तर त्यांना बोलता येत असतानाच्या. सहाव्यांदाही "हिच्यावरच द्या" असं मीच लिहिलं होतं. देवापुढे उभं राहायची वेळ आली तर आधी मला उभं राहावं लागेल. तुमचा नंबर बराच मागे आहे.

परवा शेजारणीच्या नवऱ्याने सगळं जोडून दिलं. खुर्ची मधे ठेवली. त्या खुर्चीत मी आजवर कधी बसले नव्हते. तुमचा कागद मांडीवर आणि ह्यांचं मनगटी घड्याळ हातात घेऊन बसले.

समोर खिडकी आणि दार, ते ओळखीचं होतं. मग पाठीमागे उजवीकडे कुणीतरी बाई देवाचं पुटपुटायला लागली, आणि डावीकडे तीच बाई भांडी आपटायला लागली. माझा आवाज इतका कडक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि समोर टेबलावर त्यांचा श्वास. गळ्यातला, जरासा ओला. हात पुढे केला तर लागतील, इतके जवळ. तुम्ही श्वासाला धक्का लावला नाहीत, भाऊजी. हे मी विसरणार नाही.

पहिली जागा चार मिनिटं बारा सेकंद. तिथे श्वास थांबतो. टक टक करायच्या आधी ते श्वास धरायचे, हे इतक्या दिवसांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग काहीच नाही. मग पाठीमागून मी म्हणते, "आले, आले, एवढी भांडी होऊ द्या." कुणीच बोलावलं नसताना.

दुसऱ्या जागी श्वास थांबला आणि माझाच हात टेबलावर गेला. पेराने वाजवलं, टक टक. पाठीमागून मी म्हणाले, "आले हो." पुढे मग कागद बघावाच लागला नाही. श्वास थांबला की मी वाजवायची. एकदा "दम म्हणून नाही तुम्हाला" असंही म्हटलंय. एकदा नुसतं "हं." तीस वेळा उत्तर दिलंय मी. पण उत्तर दिल्यावर पावलं वाजायला हवीत ना, ओट्यापासून टेबलापर्यंत? ती एकदाही वाजत नाहीत.

एकतिसावी जागा शेवटाला आहे, एक तास चोवीस मिनिटांवर. तिथे ओट्यावरचा नळ सुरू आहे. श्वास थांबला, मी टक टक केली, वाट पाहिली. पाठीमागून काही आलं नाही. नळ चालूच. मला ऐकूच गेलं नव्हतं. मला, दोन्ही कान धड असलेल्या बाईला. तेव्हा तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका.

मग खुर्चीत बसूनच मी म्हणाले, "आले."

तुम्ही या. सवडीने या, पण या. टेबल जुन्या भरीव लाकडाचं आहे, त्यावर तळहात ठेवून बसा. मी वाजवेन तेव्हा तुमच्या हाताला कळेल. बोलायचं असेल ते पाटीवर लिहू, पाटी अजून आहे. तिच्यावर त्यांचं ते एक वाक्य आहे, ते मी पुसलेलं नाही. आपण दुसऱ्या बाजूला लिहू.

खुर्ची मधेच ठेवली आहे. आता तिच्याभोवतीने झाडते.

वहिनी